तुमच्या आवाजातला होकार

दादाने मला फसवलं, आबा. तुम्ही गेल्यानंतर, तुमच्याच फोनवरून, तुमच्या आवाजात फसवलं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं काही धड सुचणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी आयर्लंडमध्ये परीक्षेला बसले होते. घरच्यांनी ठरवलं, पोरीचे पेपर होईपर्यंत कळवायचं नाही. ठरवणाऱ्यांत दादा पुढे होता, आई मागे होती, आणि गावातली चार शहाणी माणसं माना हलवायला होतीच. तुम्हाला अग्नी दिला, दहावा झाला, तेरावा झाला, आणि मी तिकडे गाईच्या पचनावर उत्तरं लिहीत होते. परत आले तेव्हा मिरजगावच्या घरात ओट्यावर तुमच्या चपलाही नव्हत्या. कुणीतरी त्या देऊनसुद्धा टाकल्या होत्या. कुणाला दिल्या हे विचारायची ताकद मला अजून झालेली नाही.

दमले आहे मी, आबा. रडून नाही, रडायला तर मला कुणी वेळेवर बोलावलंच नाही. नुसतीच दमले आहे. लोक अजून भेटायला येतात, चहा पितात, म्हणतात, "पोरगी परदेशात असली तरी बापाचा जीव तिच्यातच हुता." मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की तुमचा जीव माझ्यात होता हे खरं, पण मला हवी होती ती एक गोष्ट तुम्ही मला कधी दिली नाहीत.

ती गोष्ट म्हणजे गुरांच्या बाजारातली तुमच्या शेजारची जागा.

लहानपणी तुम्ही मला काष्टीच्या बाजाराला टेम्पोत पुढे बसवून न्यायचात. दलाल म्हणून तुमचा शब्द चालायचा. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मध्ये तुम्ही, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून. टॉवेलाखाली बोटं धरून भाव सांगायचा, तोंडाने आकडा काढायचा नाही, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. परत येताना टेम्पोत माझा हात टॉवेलाखाली घेऊन तुम्ही मला ती बोटं शिकवलीत. "सांग किती झालं?" मी चुकले की बोट दाबायचात. जनावराचं तोंड उघडून दात बघायला, कासेवर हात ठेवून दूध किती उतरेल ते सांगायला मी तुमच्याकडेच शिकले. आणि मग मी मोठी झाले, तर एका शनिवारी तुम्ही टेम्पोत दादाला बसवलंत. दादा बैलाच्या शिंगाला बघून मागे सरकायचा, सगळ्या बाजाराला माहीत होतं ते. मी ओट्यावरून ओरडले, "त्याला दाताचं काय कळतंय?" तुम्ही मागे न बघता म्हणालात, "कळंल हळूहळू."

त्याला कळलं नाही, आबा. अजून कळलेलं नाही.

मी मग माझं मी बघितलं. कॉलेज केलं, कोल्हारला दूध संकलन केंद्रावर उभी राहिले, दुधात पाणी घालून आणणाऱ्यांशी रोज सकाळी भांडले. त्यांनी मला ठेवलेली नावं तुमच्या कानावर यायची आणि तुम्ही हसायचात. सावेडीत एका खोलीत राहून इंग्रजीची परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळवली, बँकेच्या साहेबाशी कर्जाच्या व्याजावरून अशी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकायला कशाला जाताय, आमच्याकडेच नोकरीला या." घरातलं काही गहाण टाकलं नाही, तुमच्याकडे मागितलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्यासमोर बसले आणि एवढंच विचारलं, "आबा, शिकून आले की बाजारात जागा द्याल?"

"शिकून तर ये. मंग बघू."

"'मंग बघू' तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, ज्याला नाही म्हणायचं असतं त्याला. मला नका सांगू."

"तू गिऱ्हाईकच हायेस की," तुम्ही म्हणालात, "सगळ्यात कडक."

आई हसली. मी नाही हसले. तुमचं-माझं ते भांडण तिथेच राहिलं, आणि मी विमानात बसले.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमची विद्या मला नडली. खोली बघायला गेले होते. घरमालकीण नोरा, सत्तरीची बाई, एकटी राहते, वरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना देते. तिने भाडं सांगितलं. मी तुमच्यासारखं तोंड केलं, जसं काही तिने माझा अपमानच केला. भिंतीला ओल आहे म्हणाले, खिडकी लहान आहे म्हणाले. ती म्हणाली, "हो, आहे." मी माझा भाव सांगितला. ती म्हणाली, "नाही गं." मग मी तुम्ही शिकवलेलं शेवटचं हत्यार काढलं. बॅग उचलली आणि दाराकडे चालायला लागले, पाय ओढत, म्हणजे हाक मारायला तिला वेळ मिळावा. तर त्या बाईने पुढे होऊन माझ्यासाठी दार उघडलं! म्हणाली, "भेटून आनंद झाला, जपून जा." आणि दार लावून घेतलं. मी रस्त्यावर, बॅग घेऊन, पावसात. कितीतरी वेळ उभी राहिले, बाई हाक मारेल म्हणून. शेवटी नाक मुठीत धरून पुन्हा बेल वाजवली आणि तिच्या भावात खोली घेतली.

हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. आईला हाक मारून पुन्हा सांगायला लावलंत. म्हणालात, "तिथं लोक गेलेल्याला माघारी बोलवत न्हाईत व्हय? मंग संभाळून जात जा भाड्या-बिड्याला." त्या वेळी मला राग आला होता. आता वाटतं, परदेशाबद्दल मला कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं.

तुमचा फोन रोज यायचा, मी उठायच्या वेळेला. तुमच्याकडे ऊन डोक्यावर आलेलं असायचं, माझ्याकडे थंडीत अजून अंधारच. तुम्ही विचारायचात ते असं, की दुसऱ्या कुणाच्या बापाने विचारलं नसेल. दूध काय भावानं? फॅट किती लावत्यात? भाकरी फुगली का? ज्वारीचं पीठ मला बस बदलून लांबच्या दुकानातून आणावं लागायचं, आणि नोराच्या शेगडीला जाळच नव्हता, नुसती काच तापायची. भाकरी फुगायची नाही. तुम्ही म्हणायचात, "तव्यावरच दाब, फडक्यानं." दाबली तर धुराची घंटी वाजायची, घरभर. नोरा घंटीखाली पुसायचं फडकं हलवत उभी. पहिल्यांदा मला रडू आलं होतं, नंतर नोरा स्वतःच घंटीखाली खुर्ची घेऊन उभी राहायला लागली, मी फोडणी टाकायच्या आधीच.

"तिथली माणसं बोलत्यात का?" तुम्ही विचारायचात. मी सांगितलं, दिसला माणूस की 'कशी आहेस' म्हणतात, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे निघून जातात. "मंग इचारत्यात कशाला?" तुम्ही खरंच चिडलात. गरम पाण्याचा बंब चालू राहिला म्हणून नोरा मला ओरडली, ते सांगितलं, तर माझी बाजू घ्यायची सोडून म्हणालात, "बरूबर हाय तिचं. हितं बी तू गिझर तसाच ठेवायचीस." तुमची आणि नोराची भेट झाली असती तर दोघांनी मिळून माझा जीव नकोसा केला असता.

जुन्या कपड्यांच्या दुकानात कोट घेताना मी भाव केला. काउंटरवरच्या म्हातारीने सांगितलं, बाळा, हे दान म्हणून आलेले कपडे आहेत, पैसे अनाथ मुलांना जातात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मात्र कोटाच्या खिशात गुपचूप एक हातमोज्यांचा जोड कोंबला. तुम्ही म्हणालात, "म्हंजी सौदा जमलाच की!"

आणि तो बाजार. नोराच्या भाच्याचा गोठा होता, शनिवार-रविवारी मी तिथे धारा काढायच्या यंत्रावर काम करायचे. तो मला एकदा गुरांच्या बाजारात घेऊन गेला. गोल रिंगण, भोवती पायऱ्यांवर शेतकरी, आणि माईकवर एक माणूस इतक्या भरभर भाव ओरडत होता की मला वाटलं, ह्याला दम लागून हा पडणार. भाव सगळ्यांसमोर. घेणारा नुसती भुवई हलवतो की झालं. तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला पटेचना. मग म्हणालात, "टावेल न्हाईच?"

"नाही."

"मंग त्यो दलाल कशाचा? त्याचं काम काय?"

मी म्हणाले, विकणारा शेवटी घेणाऱ्याला थोडे पैसे परत देतो, शुभशकुन म्हणून. तुम्हाला ते फार आवडलं. "आपल्याकडं जनावर इकून दावं ठिवून घेत्यात, तिकडं पैसं माघारी देत्यात. येडी हायेत, पन चांगली हायेत." मग हळूच विचारलंत, "बाया हुत्या का गं बाजारात?"

होत्या, आबा. रिंगणात जनावरं सोडणारी बाई होती, विकत घेणाऱ्या होत्या, वहीवर लिहून घेणारी होती. मी सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं. जेवलीस का?" मी ताडकन म्हणाले, "विषय बदलू नका." तुम्ही फोन आईला दिलात.

हिवाळा मला जड गेला. दुपारीच दिवे लागायचे. वर्गातली पोरं चांगली होती, पण संध्याकाळी आपापल्या घोळक्यात जायची. मी गोठ्यावरून यायचे, अंगाला शेणाचा वास, तोच एक ओळखीचा. पहाटे उठायचं, बस पकडायची. तिकडे बसला हात दाखवावा लागतो, हे न कळल्यामुळे सुरुवातीला कितीतरी बसगाड्या माझ्यासमोरून निघून गेल्या. तसंच सगळं वर्ष मला वाटत राहिलं, मी थांब्यावर उभी आहे आणि कुणीतरी मला हात करायला शिकवायचं राहिलंय. तुमचा फोन आला की तेवढ्यापुरतं उभं राहायचं कारण कळायचं.

मग परीक्षा आल्या आणि एके सकाळी तुमचा फोन आला नाही, मीच केला, तर तुमच्या नंबरवरून दादा बोलला.

"आबांचा घसा बसलाय. डाक्टर म्हनलाय, अजिबात बोलायचं न्हाई."

"व्हिडिओ लाव."

"रेंज न्हाई गं. हायेत हितंच, शेजारी. स्पीकरवर टाकलाय, तू बोल."

मी बोलले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, नंतरही. हळद-दूध घ्या, थंड पाणी पिऊ नका, टॉवेल गळ्याला गुंडाळा, असं मी गेलेल्या माणसाला दरडावून सांगत होते, आणि दादा मधूनमधून "घेतलं, घेतलं", "गुंडाळलाय" म्हणत होता. पण हेही मी एक वेळ गिळलं असतं.

शेवटच्या पेपरच्या आधी माझा धीर सुटला. फोनवर रडायला लागले. म्हणाले, "आबा, मी दमलीये. हे सगळं मी कशासाठी करतेय, ते एकदा सांगून टाका. मला कंपनीत नोकरी करायची नाहीये. मला बाजारात तुमच्या शेजारी बसायचंय. दादा असू दे तिथं, पण जनावर मी बघणार. 'मग बघू' नको. घसा बसलाय तर बसू दे, नुसतं हं म्हणा. हं म्हटल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही, आणि पेपरलाही जाणार नाही."

पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि मग, घशातून, जाड, तुमच्यासारखाच, एक "हं".

आबा, तुमचा "हं" म्हणजे काय ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. टॉवेलाखालून हात बाहेर काढून तुम्ही तो म्हणालात की सौदा पक्का, मग कुणी पुढे बोलायचं नाही. तो "हं" मी कानात घेऊन झोपले. कितीतरी आठवड्यांनी गाढ झोपले. सकाळी उठून पेपर दिला. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, आज तू हसतेस का अशी? मी तिला म्हणाले, माझ्या वडिलांनी मला भागीदार केलं.

पेपर संपल्यावर घरी फोन केला. तो आईने उचलला आणि ती नुसतं "बाय माझी" म्हणाली. तुम्ही गेलात, हे वेगळं सांगायची तिला गरजच नव्हती.

नोराने माझी बॅग भरली, मला विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. बसला हातही तिनेच केला. तिचे उपकार मी फेडू शकणार नाही.

इथे आल्यावर मी पहिलं विचारलं ते हेच, की तो "हं" कोणाचा. दादा म्हणाला, "कुठला हं?" मी आईकडे बघितलं. आई ओट्याला पाठ लावून बसली होती. म्हणाली, "त्यानंच केलं. तू रडायला लागलीस. त्योबी रडत हुता. तोंडावर हात धरून केलं त्यानं."

"मंग काय करायचं हुतं मी?" दादा उसळला. "तू फोन ठिवंनास. पेपर सोडायला निघालीस. आबा सादं जेवून झोपलं ते उठलंच न्हाई, मी त्यांना उचललं, मी आग दिली, घरी आलो तर तुजा फोन. सांग की, काय करायचं हुतं?"

मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, दोन्ही एकदम. माझ्याआधी त्याने तुम्हाला गमावलं होतं, आणि वरून तुमचं सोंग आणत होता. ते मी समजू शकते. पण मी विचारलं, "मग शनिवारी मी येऊ ना बाजारात?" तर खाली बघून म्हणाला, "बाजारात बाईमानूस कसं बसंल? लोक काय म्हनत्याल? अन् मी तर जागाच सोडायलोय. टेम्पो भाड्यानं लावतो. आबांच्या जागंवर दुसरं कुनी बसंल."

म्हणजे बघा. जिवंतपणी तुम्ही मला होकार दिला नाहीत. मेल्यावर मिळाला तो खोटा. आणि ज्याने दिला, तो आता जागाच उठवायला निघालाय.

आबा, तुमच्यावरही माझा राग आहे, तो मी लपवत नाही. एवढं जनावर ओळखायचात, मला ओळखायला काय झालं होतं? बायांबद्दल विचारलंत, बाजाराबद्दल विचारलंत, म्हणजे मनात काहीतरी चाललं होतं ना? की मला उगीच वाटतंय? अजून चार दिवस असतात तर सांगितलं असतंत का? हे मी कुणाला विचारू? दूध काय भावानं, हे विचारणारं आता कुणी नाही. परत गेल्यावर सकाळी उठून मी फोनकडे बघणार आणि तो वाजणार नाही. प्रबंध लिहायचाय, नोराचा बंब बंद करायचाय, बसला हात करायचाय. सगळं करीन. ते सगळं जमलं ते तुमच्याच फोनमुळे जमलं, एवढं तुम्ही जाताना घेऊन जा.

पण तो होकार मी सोडणार नाही.

दादा, हे तू वाचणार आहेस, म्हणून आता तुझ्याशी बोलते. गुरांच्या बाजारात एक रीत आहे, तुलाही ठाऊक आहे. मालक हजर नसेल आणि त्याच्या वतीने कुणी होकार भरला, तर नंतर मालक असो वा नसो, होकार भरणाऱ्याने सौदा पाळायचा. माझं रडणं ऐकून केलंस, माझ्या भल्यासाठी केलंस, सगळं मान्य. पण तू गप्प बसू शकला असतास. फोन कापू शकला असतास. तू आबांचं तोंड घेतलंस आणि त्यांनी जे आयुष्यभर दिलं नाही ते मला देऊन टाकलंस, आणि मी त्यावर झोपले, उठले, पेपर दिला. आता ते परत घेता येत नाही.

मी परत जायच्या आधी जागा सोडू नकोस. आणि आईसमोर, तुझ्या स्वतःच्या आवाजात मला सांग: आबांच्या नावाने दिलेला शब्द कोण पाळणार आहे?